धकातेजींचं सूत

धकातेजींची नक्कल करायची तर आधी एक खिडकी पाहिजे. मोठी नाही, फक्त चेहरा मावेल एवढी. चष्मा डोळ्यांवर नाही, कपाळावर. आणि समोर पेशंट आला की पेशंटकडे पाहायचंच नाही. त्याच्यासोबत कोण आलं आहे, तिकडे पाहायचं. मग आवाज जरा नाकातून काढून विचारायचं, "कोनाच्या घरचा?"

"काय होते" हे विचारायचं नाही, ते डॉक्टरचं काम. नाव तर अजिबात नाही. धकातेजींच्या मते नाव म्हणजे मायबापांनी हौसेनं ठेवलेली वस्तू, दवाखान्यात तिचा काही उपयोग नाही. "एका गावात चार रमेश. कोन्या रमेशले गोळी देऊ?"

ही नक्कल मी ऑफिसात केली, मावसबहिणीच्या हळदीत केली आणि एकदा खुद्द धकातेजींसमोर केली. त्यांनी पूर्ण पाहून घेतली. मग म्हणाले, "बरोबर हाये. फक्त तू मान लय हालवते. मी का कोंबडा हाओ?" आणि हे म्हणताना कोंबड्यासारखी मान हालवली.

हुडकेश्वर रोडवर डॉक्टर वैरागड्यांचा दवाखाना आहे. धकातेजी तिथले कंपाउंडर. दवाखाना उघडला तेव्हा आजूबाजूला वावरं होती. आता फ्लॅट स्किमा आहेत, मोमोजचा ठेला आहे, पण दवाखाना तेवढाच: एक बाक, एक पडदा, एक खिडकी आणि खिडकीमागे लाकडी खणांचं कपाट. त्या खणांत पेशंटची कार्डं.

मी तिथं गेली ती ही कार्डं मारायला. म्हणजे माझ्या कंपनीचं कामच ते. छोट्या डॉक्टरांच्या दवाखान्यात जायचं, कॉम्प्युटरवर आमचा प्रोग्राम टाकून द्यायचा, जुनी कार्डं त्यात भरायची आणि स्टाफला शिकवायचं. मी कुही गावची. शाळेत असताना सगळ्या मास्तरांचे आवाज काढायची, त्यातूनच एक गोड मॅडमचा आवाज तयार झाला, आणि त्या आवाजावर मला ही नोकरी लागली.

प्रोग्राम घेतला होता डॉक्टरांच्या मुलीनं, डॉक्टर मृणालनं. ती नुकतीच शिकून परत आली होती आणि वडिलांसोबत, म्हणजे साहेबांसोबत, दवाखान्यात बसायला लागली होती. पहिल्याच दिवशी ती धकातेजींसमोर मला म्हणाली, "दिवाळीपर्यंत सगळी कार्डं कॉम्प्युटरवर आली पाहिजेत. मग ही खिडकी काढू, इथं छान काउंटर करू. आणि काका, मग तुम्ही घरी मस्त आराम करा."

धकातेजींनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "आराम म्हंजे काय करा लागते, मॅडम?"

ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

मला त्यांनी नाव विचारलं नाही हे सांगायला नको. "कुहीवाली" हेच माझं नाव पडलं. कॉम्प्युटरला त्यांनी नाव ठेवलं जावई. कारण, त्याच्यासाठी वेगळा पंखा लागतो, त्याच्यासमोर कोणी जोरात बोलायचं नाही, लाईन गेली की तो रुसतो आणि काही बिघडलं की चूक नेहमी आपलीच असते. सकाळी आले की खिडकी पुसायची, उदबत्ती लावायची आणि मला विचारायचं, "जावईबापू उठले का वं?"

त्यांची कार्डं लावायची रीत पाहून मी पहिल्या दिवशी डोक्याला हात लावला. आमच्या प्रोग्रामात एक माणूस म्हणजे एक नोंद. धकातेजींकडे एक चूल म्हणजे एक कार्ड. घरात माणसं किती का असेना, सैपाक एक तर कार्ड एक. त्यावर म्हातारा पहिला, म्हातारी दुसरी, मग मोठा मुलगा, अशी उतरंड. चुली वेगळ्या झाल्या की कार्ड वेगळं. लोकांनी ही गोष्ट इतकी मनावर घेतली होती की त्या भागात भाऊ वेगळे झाले हे कार्ड वेगळं झाल्यावरच खरं धरत.

माझ्यासमोर एक बाई आली होती. "धकातेजी, आमचं कार्ड अलग करून द्या जी. जाऊसोबत नाही राहाचं मले."

"सैपाक अलग झाला का?"

"होइन ना आठ दिवसात."

"मंग आठ दिवसानं येजो. गॅस कोनाकडं रायला ते सांगजो."

बाई गेली. मी म्हटलं, "काका, तुम्ही तलाठी आहात का?" ते म्हणाले, "तलाठी शेत पाह्यते. सासऱ्याची बीपीची गोळी आता कोनती सून देनार, हे तलाठी पाह्यते का?"

माझ्या प्रोग्रामात सुनेचा खाना नव्हता.

मोबाइल नंबरचा खाना मात्र होता, आणि तो भरल्याशिवाय प्रोग्राम पुढे सरकत नव्हता. अर्ध्या घरांत एकच नंबर, तोही मुलाचा, आणि मुलगा बुटीबोरीला कंपनीत. एका म्हातारीची शुगर तपासायची होती. प्रोग्रामनं आपलं काम चोख केलं. मेसेज पाठवला: उद्या सकाळी उपाशीपोटी या. दुसऱ्या दिवशी मुलगा सुट्टी टाकून, बुटीबोरीहून, उपाशीपोटी हजर. डोळे खोल गेलेले. म्हातारी घरी पोहे खाऊन बसलेली.

धकातेजींनी त्याला बाकावर बसवलं, चहा पाजला आणि मला खिडकीतून म्हणाले, "जावयानं बरोबर बोलावलं. उपाशी बी ठेवलं. मानूस तेवढा दुसरा निंघाला."

आता त्या सुताचं सांगते.

धकातेजींच्या घरी पिढ्यांपासून हातमाग होता. वडील लुगडी विणायचे. माग केव्हाचा गेला, पण उरल्यासुरल्या रंगीत सुताचं एक पोतं घरात राहून गेलं होतं. त्या सुताचे तुकडे धकातेजी कार्डांना गुंडाळत. एखाद्या कार्डाला पिवळा, एखाद्याला निळा, काहींना लाल, आणि त्यांना कुठं एक गाठ, कुठं दोन, कुठं चार. मला वाटलं, म्हातारा हौशी आहे. लग्नाच्या पत्रिकेला नाही का आपण हळद लावत.

पावसाळा संपता संपता साहेबांचं डोळ्याचं ऑपरेशन झालं, ते घरी बसले. त्याच आठवड्यात धकातेजी भाचीच्या मुलाच्या बारशाला दोन दिवस उमरेडला गेले. मृणाल मॅडम मला म्हणाली, "हेच दोन दिवस आहेत. काका असले की एकेका कार्डावर अर्धा तास कथा सांगतात. उरकून टाक सगळं."

मी उरकलं. कार्डाचे फोटो काढायच्या मशीनमध्ये सूत अडकत होतं, म्हणून कैची घेतली आणि सगळं कापलं. एक पन्नी भरून रंगीत सूत निघालं. ती घंटागाडीत टाकली. मग माणसं वेगळी केली, नंबर टाकले. ॲलर्जीचा एक खाना होता, म्हणजे कोणाला कोणतं औषध सोसत नाही ते लिहायचा. तोही भरल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं. कार्डावर तर कुठं काही लिहिलेलं दिसलं नाही. मी सगळ्यांना एका झटक्यात "नाही" भरून दिलं. एक बटण दाबलं आणि पूर्ण हुडकेश्वर ठणठणीत झालं.

सोमवारी धकातेजी बारशाचे लाडू घेऊन आले. एक लाडू मला दिला, एक जावयापुढे ठेवला. मग खण उघडला. दोन-तीन कार्डं उलटून पाहिली.

"कुहीवाली, सूत कुठं हाये?"

"फेकलं, काका. मशीनमध्ये अडकून राहिलं होतं."

"सारं?"

"हो."

धकातेजींनी खण बंद केला. उठले आणि पडद्याच्या आत गेले. मला ऐकू आलं, "मॅडम, त्या सुतात न..." आणि मॅडम म्हणाली, "काका, प्लीज. आता दोऱ्यासाठी भांडू नका. तुम्ही फक्त टोकन द्या, बाकी सगळं मला इथं दिसते. आणि पेशंट असला की मध्ये मध्ये आत येऊ नका, चांगलं नाही दिसत."

मला हसू आलं होतं, हे खरं सांगून टाकते.

त्या दिवशी खिडकीवर रांग हलेना. धकातेजी प्रत्येकाला थांबवून काहीबाही सांगत होते. मॅडमला वाटलं मुद्दाम करून राहिले. मलाही तेच वाटलं.

दुपारच्या आधी मंदाबाई आली. उमरेड रोडकडे तिची भाजीची वाडी आहे. कंबर धरून, वाकडी होऊन आली. धकातेजी तिला म्हणाले, "आत गेल्यावर सांगजो, सुई नाही पाहिजे म्हना. गोळी मांग." ती हव हव करत आत गेली. आत मॅडम इतकी गोड बोलली की मंदाबाई सगळं विसरली.

मी मॅडमच्या बाजूलाच उभी होती, तिला कुठं क्लिक करायचं ते दाखवायला. मॅडमनं दुखण्याचं इंजेक्शन लिहिलं. प्रोग्रामनं हिरवी खूण दाखवली. मॅडमनं काचेच्या बाटलीची मान मोडली. टक् एवढाच आवाज झाला.

तेवढ्यावर पडदा सरकला. धकातेजी आत.

"मॅडम, थांबा."

"काका, मी काय सांगितलं होतं?"

"हे दुखीचं हाये ना? हे तिले नाही चालत. मांगं नरडं सुजलं होतं तिचं. श्वास बंद होत आला होता. साहेबानं सोताच्या गाडीत टाकून मोठ्या दवाखान्यात नेली होती."

मॅडमनं स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. "हे पहा. ॲलर्जी, नाही. स्पष्ट लिहिलं आहे."

"कोनं लिवलं?"

मॅडमनं माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं.

"मंदाबाई," मॅडमचा आवाज बारीक झाला होता, "तुम्ही तरी सांगायचं ना."

"मले का मालूम वं माय?" मंदाबाई कंबर धरून म्हणाली. "मले काय चालते न काय नाही, हे धकातेजीले मालूम राहते. मी कायले ध्यानात ठेवू?"

मॅडमनं इंजेक्शन खाली ठेवलं. धकातेजींनी ते उचललं, डब्यात टाकलं आणि जसे आले तसे खिडकीवर जाऊन बसले. पुढचं टोकन देताना म्हणाले, "कोनाच्या घरचा?"

संध्याकाळी साहेब आले, काळा चष्मा लावून. तेव्हा मला सुताचा पूर्ण हिशोब कळला. लाल म्हणजे थांब, या घरात कोणाला तरी एखादं औषध सोसत नाही. गाठी म्हणजे कार्डावरचा कितवा माणूस. दोन गाठी, म्हातारी. चार गाठी, मोठी सून. पिवळं म्हणजे शुगर. निळं म्हणजे दारू घेतो, पण डॉक्टरला सांगत नाही. लाल दिसलं की साहेब आतून आवाज द्यायचे, "धकाते, काय आहे?" आणि धकातेजी खिडकीतून सांगायचे. असे दोघं मिळून एक डॉक्टर होत होते.

"पण कार्डावर का नाही लिहिलं, काका?" मॅडमनं विचारलं.

धकातेजींनी साहेबांकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "पहिल्या वर्षी लिवलं होतं एका कार्डावर. साहेब म्हनले, डॉक्टरच्या कागदावर कंपाउंडरनं लिवाचं नाही. मंग मी बांधलं."

साहेबांना हे आठवतही नव्हतं. काळ्या चष्म्याआड त्यांचे डोळे काही दिसले नाहीत. ते म्हणाले, "धकाते कुठंही जाणार नाही. खिडकी राहील." मॅडमनं लगेच मान हालवली. मी मनातल्या मनात कॉम्प्युटर खोक्यात भरायला घेतला. धकातेजी जिंकले होते. त्यांच्या जागी मी असती तर दुसऱ्या दिवशी पेढे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखाना बंद झाला. धकातेजींनी आपला स्टूल उचलला, माझ्या बाजूला आणून ठेवला आणि बसले.

"काढ तुह्या जावयाले. लिव."

"काय लिहू?"

"लाल."

मग दिवाळीपर्यंत रोज दुपारी आमचं तेच काम. धकातेजी डोळे मिटायचे आणि रस्त्यानं चालायला लागायचे. "नाल्याच्या पुलावर ये. आली? डाव्या हाताले कडुनिंब हाये... नाही, आता तोडला तो, मोबाइलचं दुकान हाये. त्याच्या मांगचं घर. म्हातारीले सल्फा नाही. अंगावर पुरळ येते. लिवलं? चाल समोर." मध्येच कुठं थांबून मांडवाखालून वाकल्यासारखी मान झुकवायचे. एखाद्या दारात कुत्रा आहे म्हणून बाजूनं जायचे. मी टाइप करता करता खरंच थकायची. वाटायचं, पाय दुखायला लागले.

एकदा मी विचारलं, "काका, तुम्ही बयाड आहात का? हे सगळं तुमच्या डोक्यात आहे म्हणून तर खिडकी राहिली. सगळं सांगून दिलं तर काय राहील तुमच्याकडे?"

"मी दोन दिवस उमरेडले गेलो होतो," ते डोळे न उघडता म्हणाले. "फक्त दोन दिवस. चाल समोर. आता दळनाची चक्की."

चक्कीजवळ ते थांबले. मी वाट पाहिली.

"चक्कीच्या बाजूचं," ते म्हणाले. "लाल होतं. तीन गाठी. मोठा पोरगा."

"काय नाही चालत त्याला?"

त्यांनी डोळे उघडले. तोपर्यंत धकातेजींना मी चिडलेलं पाहिलं होतं, हसताना पाहिलं होतं. घाबरलेलं पहिल्यांदा पाहिलं. कपाळावरचा चष्मा त्यांनी काढला, पुसला, परत कपाळावरच ठेवला.

"लाल होतं, येवढं पक्कं. मीच बांधलं. पन कायचं..."

"आठवेल, काका. नंतर भरू."

"नाही वं. सकाळपासून हेच घर आठवून राहिलो मी."

ते उठले, सायकल काढली आणि गेले. तासाभरानं घामाघूम होऊन आले. चक्की होती. बाजूचं घर नव्हतं, तिथं फ्लॅट स्कीम झाली होती. घरातले लोक सावनेरकडे कुठं राहायला गेले, एवढंच चक्कीवाल्याला माहीत होतं.

"आता काय लिहू?" मी विचारलं. "खाना रिकामा ठेवता येत नाही."

"लिव," ते म्हणाले, "'लाल. काय ते माहीत नाही. विचारा.'"

मी तसंच लिहिलं. मग आणखी तीन घरी तसंच लिहावं लागलं. पिवळ्या-निळ्यात तर बऱ्याच ठिकाणी. धकातेजी प्रत्येक वेळी थोडं थांबायचे आणि हळूच म्हणायचे, "विचारा." त्यांची नक्कल करताना हा शब्द मी अजूनही घेत नाही.

मी कंपनीला कळवलं की ते "नाही"चं एका झटक्याचं बटण काढून टाका. कंपनीनं कळवलं, तुमची सूचना आवडली. पुढच्या वेळी बटण होतंच, फक्त रंग बदलला होता. वैरागड्यांच्या दवाखान्यातलं मात्र मी बंद करून घेतलं.

दिवाळीच्या चार दिवस आधी शेवटचं घर झालं. धकातेजींनी स्टूल परत जागेवर नेऊन ठेवला आणि मॅडमला म्हणाले, "झालं, मॅडम. काढा आता खिडकी."

"काका, बाबा म्हणाले ना, खिडकी राहील. तुम्ही आहात तोवर..."

"तेच तं. मी हाओ तंवरी कोनी जावयात पाहनार नाही. तुमी बी मलेच विचारसान. अन मी एक दिवस चुकीचं सांगीन." मग जरा हसून म्हणाले, "माह्या डोक्यात 'विचारा' लिवलेलं दिसत नाही न."

खिडकी निघाली. काउंटर झालं. वर बारीक लाइटा लागल्या. काउंटरवर एक नवीन मुलगी बसली, चुणचुणीत, कानात हेडफोन अडकवलेली. तिला मी दोन दिवस शिकवलं, तिसऱ्या दिवशी तिनं मला शिकवलं. धकातेजी दिसेनासे झाले. आराम म्हणजे काय करावं लागतं, ते त्यांना समजलं का, हे कोणाला विचारावं ते मला सुचलं नाही.

उन्हाळ्यात मी प्रोग्रामची नवीन आवृत्ती टाकायला तिथं गेली. काउंटरच्या आत बसून काम करून राहिली होती. दार उघडलं आणि धकातेजी आले. पांढरा धुतलेला शर्ट, हातात रुमाल, खोकला. माझ्याकडे पाहिलं, ओळख दाखवली नाही, म्हणजे डोळ्यांनी थोडी दाखवली. काउंटरवर जाऊन उभे राहिले.

"नाव?" मुलीनं विचारलं.

"देवराव धकाते."

तिनं शोधलं. "नाही दिसत तुमचं. आधी आले होते का इथं कधी, काका?"

मी खुर्चीतून अर्धी उठली. त्यांनी रुमालाच्या हातानं मला बस अशी खूण केली.

सगळं हुडकेश्वर त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं होतं. घर न घर, सून न सून. स्वतःचं घर त्यांनी सांगितलं नव्हतं आणि मला विचारायचं सुचलं नव्हतं.

"नाही," धकातेजी म्हणाले. "पेशंट म्हून पयल्यांदाच."

"कोणत्या औषधाची ॲलर्जी?"

त्यांनी विचार केला. खरंच केला, बराच वेळ. "मालूम नाही बाई. कधी पाह्यलंच नाही."

मुलीनं खटखट काहीतरी लिहिलं, टोकन दिलं. ते बाकावर जाऊन शेवटी बसले. खोकला आला की रुमाल तोंडाला लावत, मान खाली घालून.

आत मॅडमच्या स्क्रीनवर नवीन पेशंटचं नाव गेलं असेल. कारण पडदा झटक्यात सरकला आणि मॅडम स्वतः बाहेर आली, स्टेथोस्कोप गळ्यात तसाच.

"काका! तुम्ही बाहेर कशाला बसले? आत या ना."

बाकावरचे सगळे धकातेजींकडे पाहायला लागले. ते उभे राहिले, पण पुढे आले नाहीत. पहिल्या जागेवर एक म्हातारी पोटाला हात लावून बसली होती. तिच्याकडे हात करून म्हणाले, "पयला नंबर हिचा हाये, मॅडम. मी मांगून येतो."

मॅडम दोन क्षण पडदा धरून उभी राहिली. मग तिनं म्हातारीला हाताला धरून आत नेलं. बाकावरचे लोक एकेक जागा पुढे सरकले. शेवटी धकातेजीही सरकले.